बारवेचे पेशकार

पेशकारांना पाणी जिभेवर ओळखता यायचं. हे मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शाळेच्या ओट्यावर पाच विहिरींचे पाच तांबे मांडले होते. डोळ्यांवर उपरणं बांधून त्यांनी एकेक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि सांगत गेले. "ही मारुतीमागची, खारवट. ही कुंभारांची. ही तात्यांच्या मळ्यातली, पण तात्या, दोर बदला, कुजायला लागलाय." दोघं जण मुद्दाम मळ्यात जाऊन आले. दोर खरंच कुजला होता. शेवटच्या तांब्याला पेशकार थांबले. कुणी सख्खं माणूस भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला. "ही आपली बारव," म्हणाले, आणि तांब्या रिकामा करूनच खाली ठेवला.

परंड्याच्या बाजूचं ते गाव. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. माझी मास्तरकीची ती पहिलीच नेमणूक. राहायला जागा मिळेना, तेव्हा पेशकारांनी आपल्या घराची पुढची खोली दिली. मला उशिरा कळलं की गावात तीच खोली रिकामी होती, कारण पेशकारांकडं कुणी जात-येत नसे. निजामाच्या वेळी ते तुळजापूरच्या कचेरीत पेशकार होते. मुन्सिफापुढं, म्हणजे न्यायाधीशापुढं, खटल्यांच्या कागदांच्या मिसली मांडायच्या, तारखा पुकारायच्या, हुकूम वाचून दाखवायचे. सगळं उर्दूत. पोलीस ॲक्शन झालं आणि एका आठवड्यात त्यांची भाषा, त्यांचं अक्षर आणि त्यांचा रुबाब तिन्ही कवडीमोल झाली. गावी परत आले तर गाव बोलेना. "निजामाचं माणूस" म्हणून लोक वाट सोडून जायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा भाकरी वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "धा वरसं झाली, आमच्या दारात कुणी हळदीकुंकवाला आलं न्हाय बघा."

माणूस तऱ्हेवाईक होता. ऐन वैशाखातसुद्धा काळी शेरवानी, गळ्यापर्यंत गुंड्या. सकाळी कडुनिंबाची अकरा पानं चावायची. जेवण झालं की अंगणात दहा पावलं उलटं चालायचं, त्यानं अन्न खाली बसतं म्हणे. चहाला शिवायचे नाहीत. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचा त्यांच्या लेखी मुकदमा असे. मला एकदा सडकून ताप आला, तेव्हा उशाशी बसून म्हणाले, "गुरुजी, गोळी घेऊ नका. गोळी म्हणजे मुद्दईचं, फिर्याद घेऊन आलेल्याचं, तोंड दाबणं. तापाला आधी त्याची कैफियत मांडू द्या." तीन दिवस मला नुसतं कोमट पाणी आणि तुळशीचा काढा. चौथ्या दिवशी ताप गेला. आपोआप गेला असता की काय कोण जाणे, पण मी त्यांचा झालो.

असे त्यांचे होत गेलेले लोक गावात आणखीही होते. कुणाची पोटदुखी, कुणाची खरूज. सरकारी दवाखाना लांब, आणि तिथं गेलं तर कंपाउंडर खेकसायचा. पेशकार मात्र अर्धा अर्धा तास ऐकून घ्यायचे. त्यातून दर गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक सुरू झाली. त्यांना तिचं नाव 'अंजुमन-ए-तंदुरुस्ती' ठेवायचं होतं. मी म्हटलं, "साहेब, अंजुमन नको, लोक पुन्हा बिथरतील." मग 'तंदुरुस्ती मंडळ' ठरलं. सुई नको, पूड नको, गोळी नको. पाणी, पाला आणि लंघन पुरे. देवी काढणारे, म्हणजे देवीची लस टोचणारे, आले की मंडळाचे लोक पोरं शेतात पाठवायचे. आम्ही आरोग्य खात्याला अर्ज करायचो. मजकूर पेशकारांचा, अक्षर माझं. त्यांना मराठी लिहिताना अजून अडखळायला व्हायचं. "अर्जदार नम्रपणे विचारतो की, पाण्यात औषध टाकण्यास पाणी आजारी आहे काय?" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं होतं की ते प्रत्येक अर्जात घालायला लावायचे.

मंडळाला वजन आलं ते तात्यांमुळं. तात्या म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी, शाळेच्या समितीवरचे, शब्दाला जड माणूस. त्यांच्या आईचा दमा पेशकारांच्या काढ्यानं बसला होता. तेव्हापासून पारावर तात्या येऊन बसू लागले आणि तात्यांमागं गाव.

आणि मग बारवेचं प्रकरण निघालं.

गावाला नारू पिढ्यान्‌पिढ्या होता. ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. पायावर फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढरी शेवई बाहेर येऊ लागते. ती शेवई जिवंत असते. काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोट ओढायची. महिना लागतो. मध्येच तुटली तर पाय सुजून माणूस जन्माचा अधू. काही जण मरतातही. लोक सोनारीच्या भैरोबाला नवस बोलायचे आणि काडी गुंडाळायचे.

आरोग्य खात्याचा एक तरुण निरीक्षक सायकलवरून यायला लागला. बारीक अंगाचा, शांत, मिशी नुकती फुटलेली. त्याचं म्हणणं साधं होतं. नारू बारवेतून येतो. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय देतो, किडा पाण्यात पिलं सोडतो, ती पिलं पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात जातात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभरानं नारू तयार होतो. तेव्हा पायऱ्या दगड-चुन्यानं बंद करायच्या, वर कठडा आणि रहाट बसवायचा, म्हणजे पाण्याला कुणाचा पायच लागणार नाही.

बारवेच्या काठावर त्यानं सगळ्या गावासमोर एका बाटलीत पाणी भरलं आणि पेशकारांच्या हातात दिलं. "साहेब, उन्हाकडं धरून बघा."

पेशकारांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. बराच वेळ बघत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. मग बाटली परत देऊन म्हणाले, "धूळ आहे."

"धूळ पोहते का साहेब?"

"तुमच्या खात्याची असली तर पोहेल."

असा हशा पिकला की बारवेतली कबुतरं उडाली. मीसुद्धा पोट धरून हसलो. निरीक्षक लाल झाला, बाटली पिशवीत घालून निघून गेला.

पंधरा दिवसांनी दगडांच्या गाड्या आल्या. दोन गवंडी, दोन पोलीस आणि निरीक्षक. पण त्याआधीच तात्यांनी माणसं आणली होती. पायरी न् पायरी भरली होती. बाया खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून. सगळ्यात वरच्या पायरीवर शेरवानीतले पेशकार, हातात मी लिहिलेला अर्ज. कचेरीत हुकूम वाचावा तसा त्यांनी तो खड्या आवाजात वाचला. मग खाली उतरले, ओंजळीनं पाणी प्यायले आणि तोंड पुसत म्हणाले, "जनाब, हा आमचा पुरावा."

ऊन वाढलं. पोलीस कंटाळले. गाड्या परत फिरल्या. पेशकारांनी हात वर करून आरोळी दिली, "तामील तहकूब!" हुकुमाची बजावणी थांबली, हा अर्थ कुणाला कळला असेल-नसेल, पण लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. दहा वर्षं ज्याला कुणी राम राम घालत नव्हतं, तो माणूस गावच्या खांद्यावर वेशीपर्यंत गेला. दारात उभ्या काकू पदरानं डोळे पुसत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात नारू आला तो असा की म्हाताऱ्या माणसांनीही तसा पाहिला नव्हता. एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन माणसं खाटेवर. शाळेच्या पटावरची निम्मी पोरं येईनात. नांगरट तशीच पडून राहिली. तात्यांच्या थोरल्या मुलाला एकाच पायात तीन नारू. पेशकारांचा लेप लावून तो लंगडत शेतावर गेला आणि एक तुटला. आठ दिवसांत पाय मांडीपर्यंत सुजला. बैलगाडीनं बार्शीला नेला. जीव वाचला, पण गुडघा आखडला तो कायमचा. पंचविशीचा, कुस्तीचे फड मारलेला गडी काखेत काठी घेऊन परत आला.

पेशकार या दिवसांत पारावर यायचे बंद झाले होते, घरातही आतल्या खोलीतच असत. काकू म्हणायच्या, "अनुष्ठान चाललंय त्यांचं." मला वाटलं, लोकांच्या दुःखानं खचलेत.

एका दुपारी काकूंनी कळशी दिली म्हणून मी बारवेवर गेलो. ऊन असं की वाटेवर कुत्रं नव्हतं. वरून पाहिलं तर तळच्या पायरीवर कुणीतरी पाठमोरं बसलेलं. शेरवानी ओळखीची. धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं आणि दोन्ही पाय पाण्यात.

"पेशकारसाहेब?"

त्यांनी मान वळवली नाही. "गुरुजी, चपला वर काढल्यात ना?"

मी खाली उतरलो. डाव्या नडगीला चिंधी बांधलेली होती. चिंधीतून केरसुणीची काडी डोकावत होती आणि काडीभोवती पांढरा दोरा. पाण्याखाली तो हलताना दिसत होता.

"कधीपासून?"

"सोळा दिवस झाले. आग होते हो, गुरुजी. पाय चुलीत घातल्यासारखी. इथं सोडला की उतरते."

"पण तो निरीक्षक म्हणत होता, पाय पाण्यात घातला की तो किडा…"

"पिलं सोडतो. खरं आहे ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी काडीवरची चिंधी सारखी केली. मग पाण्याकडं बघतच म्हणाले, "त्या बाटलीत धूळ नव्हती. पोहत होते ते. मला त्याच दिवशी दिसलं."

मी कळशी धरून उभा होतो. कानांवर विश्वास बसेना. ज्या माणसाच्या सांगण्यावरून मी अर्जांमागून अर्ज लिहिले, ज्याच्या एका वाक्यावर अख्खं गाव हसलं, त्याला तेव्हाच ठाऊक होतं. मी कसंबसं विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते, गुरुजी. इतकी माणसं. बाटली खाली केली आणि वाटलं, आता खरं बोललो की ही माणसं उठून जातील आणि मी पुन्हा तोच निजामाचा माणूस. जीभ आपली आपण सुटली. एकदा सुटली ती सुटलीच."

"आणि तात्यांचा थोरला?"

त्यांनी पाय पाण्यात आणखी खोल सारला.

"पाय काढा बाहेर," मी म्हटलं.

"काढतो."

पण काढेनात. मी पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडलो. "काढतो हो, थोडं थांबा, जरा आग उतरू द्या," असं लहान मुलासारखं विनवत राहिले. आपण काय करतोय हे पुरतं ठाऊक असलेला तो माणूस, आणि त्याला पाय काढवत नव्हता. शेवटी मी कळशी टाकली, बगलेत हात घालून त्यांना ओढून वरच्या पायरीवर बसवलं. ते रडत होते. आगीनं की कशानं, मला सांगता येणार नाही. आमच्या पायांखाली पाणी पुन्हा स्थिर झालं, आरशासारखं नितळ. संध्याकाळी तिथंच सगळं गाव कळश्या भरणार होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी पेशकार पारावर आले. काठी टेकत, शेरवानीशिवाय. अंगात नुसती बंडी. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. सगळ्यांसमोर चिंधी सोडून पाय दाखवला आणि बाटलीपासूनची सगळी हकीकत सांगितली. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. शेवटी म्हणाले, "मी खोटी साक्ष दिली. पायऱ्या बंद करून घ्या. तोवर पाणी दुहेरी धोतरानं गाळून प्या, एवढं तरी ऐका."

मग तात्या उठले. त्यांचा आवाज खाली होता.

"पेशकार, म्हंजी माझ्या पोराचा पाय म्या घालवला म्हणता?"

"तुम्ही नाही तात्या. मी."

"पायऱ्यांवर म्या बसलो व्हतो. माणसं म्या आणली व्हती. माझी सून खालच्या पायरीला बसली व्हती." तात्यांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांचा थोरला पाराच्या कडेला काठीवर रेलून उभा होता. त्याच्याकडं मात्र त्यांनी पाहिलं नाही. मग एकाएकी आवाज चढला. "न्हाय! ह्यो माणूस फितला. तवा निजामाचा व्हता, आता ह्यांचा झाला. जल्मभर सरकारचंच खाल्लंय ह्येनं. आपल्या बारवंत काय बी न्हाय!"

आणि मी पाहिलं की लोकांचे चेहरे सैल पडले. राग नव्हता तो, सुटका होती. ज्याच्या त्याच्या घरात कुणीतरी खाटेवर पडलं होतं आणि जो तो वर्षापूर्वी त्या पायऱ्यांवर बसला होता. तात्यांनी त्यांना त्यातून सोडवलं. "व्हय, फितला," एक जण म्हणाला. "आधीपासूनच लबाड," दुसरा. बाया उठून गेल्या. पेशकार चिंधी पुन्हा बांधत राहिले. गाठ मारता येईना त्यांना. ती मारायला पुढं कुणी झालं नाही. मीही झालो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमारास तात्या आले. दारातच उभे राहिले. "गुरुजी, लिवा."

मजकूर त्यांनी सांगितला. सदर पेशकारांच्या डोक्यावर वयोमानाने परिणाम झालेला असून त्यांनी आरोग्य खात्यापुढे केलेले कोणतेही निवेदन ग्राह्य धरू नये. बारवेच्या पायऱ्या पूर्ववत खुल्या राहाव्यात. खाली मंडळाचे अंगठे.

मी लिहिलं. तात्यांनी मला धमकावलं नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. नोकरीचा शब्दही काढला नाही. ते नुसते दारात उभे होते. मी टाक बुडवला आणि एकही खाडाखोड न करता लिहून दिलं. त्या आठवड्यात मी तात्यांच्या मळ्यातल्या खोलीत राहायला गेलो. निघताना काकूंनी फडक्यात भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "पहिल्या दिवशी चूल कुठली पेटतीय तुमची," म्हणाल्या. पेशकार आतल्या खोलीत होते. बाहेर आले नाहीत.

तो अर्ज उपयोगी पडला. निरीक्षकाचं प्रकरण तालुक्याला अडकलं ते अडकलंच. पायऱ्या शेवटी बंद झाल्या, पण माझी लोहाऱ्याकडं बदली होऊन दोन वर्षं लोटल्यावर. आणखी दोन उन्हाळे त्या गावानं काड्या गुंडाळल्या. पेशकार त्याआधीच गेले. ती बातमी मला फार उशिरा, एका बाजारात भेटलेल्या माणसाकडून कळली. मंडळ मात्र टिकलं होतं म्हणे. देवी काढणारे आले की अजून पोरं शेतात पाठवत होते.

बदलीच्या आधीचा एक दिवस सांगायचा राहिला.

पावसाळा संपून ऊन पडलं होतं. मी चौथीचा वर्ग घेत होतो. दारात सावली पडली म्हणून पाहिलं तर पेशकार. नारू निघून गेला होता, पण पाय अजून ओढत होते. हातात एक स्वच्छ धुतलेलं जुनं धोतर, चौपदरी घडी घातलेलं. शाळेच्या कोपऱ्यात पोरांच्या पिण्याचा रांजण होता. वरचे वर्ग पाळीपाळीनं बारवेवरून तो भरायचे.

"गुरुजी, पोरांचं पाणी गाळतो. घरी काय पितील ते पितील, इथं तरी."

मी दाराबाहेर पाहिलं. "तात्यांना कळलं तर…"

"तुम्ही बघूच नका. बघितलं नाही म्हणजे साक्ष द्यावी लागत नाही."

अर्जाबद्दल एक अक्षर नाही. त्याची नक्कल खात्यानं त्यांच्याकडं पाठवली होती, हे मला माहीत होतं. ते माझ्या तोंडाकडंही बघत नव्हते. रांजणाकडं बघत होते.

मी वळलो, फळ्याकडं तोंड केलं आणि सतराचा पाढा लिहायला लागलो. मागं त्यांनी रिकाम्या घागरीच्या तोंडावर धोतर बांधलं असावं. पाण्याची धार कापडावर पडल्याचा आवाज आला, मग घागरीत ठिबकल्याचा. पोरं गप्प झाली. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, ह्ये काय करायलेत?"

"पाढा म्हणा," मी म्हटलं.

मी एकेक ओळ लिहीत गेलो, पोरं एका सुरात म्हणत गेली. सतरा सत्ते, सतरा अठ्ठे. माझं लक्ष हातावर नव्हतं. सतरा नवे मी एकशे त्रेसष्ट लिहिलं आणि अख्ख्या वर्गानं तेही तसंच घोकलं, खड्या आवाजात, दोनदा.

"गुरुजी," मागून पेशकार म्हणाले, "एकशे त्रेपन्न."

मी फडक्यानं मधला आकडा पुसला आणि पाच लिहिला. मागं वळून मात्र बघितलं नाही.